यादीत नसलेले पाडस : अशोकाचा पाचवा स्तंभलेख आणि मृगयेचा नीतिविचार

सम्राट अशोकाने गाभण माद्या आणि लहान पिल्ले यांच्या हत्येस बंदी केली होती, हे विधान आपल्या व्याख्यानांतून आणि स्मरणिकांतून इतक्या वेळा येते की त्याचा मूळ आधार पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. विधान खोटे नाही. परंतु त्याला जोडून बहुधा एक चित्र उभे केले जाते. अरण्यात हरिणी आणि तिचे पाडस निर्धास्त चरत आहेत आणि राजाज्ञेमुळे व्याधाचा बाण भात्यातच राहिला आहे, असे ते चित्र. ज्या पाचव्या स्तंभलेखाच्या आधारे ते रंगविले जाते, त्या लेखात हरिणीच्या पाडसाचा उल्लेख नाही. तो का नाही, आणि जेथे पाडस प्रत्यक्ष येते तेथे त्याच्याविषयी काय म्हटले आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ पुराभिलेखाच्या वाचनाचा नव्हे. शिकाऱ्याने पिल्लास सोडून द्यावे, ही मर्यादा अनेक शिकारी समाजांनी पाळली आहे. मात्र का सोडावे, या प्रश्नाला दोन उत्तरे संभवतात. आज सोडलेले पाडस उद्या मोठे होऊन पुन्हा हाती लागेल, कळप टिकेल, हे एक उत्तर. त्या पाडसाला स्वतःचा जीव आहे आणि त्याच्या आईला दुःख आहे, हे दुसरे. आजच्या दिवसापुरती दोन्ही उत्तरे एकच कृती सांगतात आणि पाडस वाचते. ते वाढून पूर्ण मृग झाल्यावर मात्र दोन्हींच्या वाटा फुटतात. प्राचीन भारतीय साहित्यात या दोन्ही वाटा स्पष्ट दिसतात. अशोकाचा लेख त्यांतील कोणत्या वाटेवर उभा आहे, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही.

पाचवा स्तंभलेख राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर, म्हणजे इ. स. पू. २४२ च्या सुमारास, कोरविला गेला. दिल्लीला आणलेले तोपरा व मेरठ येथील स्तंभ, बिहारमधील लौरिया-अरराज, लौरिया-नंदनगढ आणि रामपूर्वा, तसेच अलाहाबादचा स्तंभ यांवर तो आढळतो. लेखाचा आरंभ अवध्य प्राण्यांच्या यादीने होतो. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, कासव, साळिंदर, गेंडा, पांढरे पारवे व गावातील पारवे अशी नावे तीत येतात, आणि अखेरीस जे चतुष्पाद उपयोगात येत नाहीत व खाल्ले जात नाहीत ते सर्व, असे एक व्यापक कलम येते. त्यानंतर आपल्या विषयाचे वाक्य आहे. शेळी, मेंढी आणि डुकरीण या गाभण असताना किंवा पिल्लास पाजत असताना अवध्य, आणि सहा महिन्यांच्या आतील पिल्लेही अवध्य. पिल्लांसाठी वापरलेला ‘पोतके’ हा शब्द या तीन माद्यांच्या पाठोपाठ आला असल्याने ती पिल्ले त्यांचीच, असा अर्थ बहुतेक विद्वान घेतात आणि वाक्यरचनेवरून तो योग्य दिसतो.

तिन्ही प्राणी गोठ्यातील, वाड्यातील आहेत. अरण्यातील हरिणी त्यांत नाही. यादीतील ‘सिमल’ या नावाचा संबंध काही अभ्यासक संस्कृत ‘सृमर’ शब्दाशी लावून तो हरिणाचा एक प्रकार मानतात. तो अर्थ स्वीकारला तरी संरक्षण एका जातीस मिळते, मृगमात्रास नाही. शेवटच्या व्यापक कलमातही हरिण बसत नाही, कारण ते खाल्ले जात होते आणि त्याचे कातडे उपयोगात येत होते.

यादीत काय आहे यापेक्षा काय नाही हे पाहण्याची ही रीत आपल्या वाचकांस नवी नसावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात हाच पाचवा स्तंभलेख पुढे ठेवला आणि अशोकाने गोहत्येस बंदी केली या प्रचलित समजुतीस लेखात आधार नाही, हे दाखवून दिले. अशोकाविषयी त्यांना वाटणारा आदर त्या वाचनाच्या आड आला नाही. लेखाच्या शब्दांपलीकडचे पुण्य अशोकाच्या पदरात टाकल्याने त्याचा गौरव वाढत नाही, उलट त्याने प्रत्यक्षात काय केले हे झाकले जाते.

लेखाच्या पुढील भागात मात्र पाडसाचे नाव न घेताही त्याला उपयोगी पडणाऱ्या दोन गोष्टी आहेत, आणि त्यांकडे फारसे लक्ष गेलेले नाही. विनाकारण अथवा जीवहिंसेसाठी वनास आग लावू नये, अशी आज्ञा तेथे आहे. रान पेटवून श्वापदे बाहेर काढणे ही शिकारीची जुनी पद्धत. नुकतेच जन्मलेले पाडस धोका जाणवताच पळत नाही. ते गवतात अंग चोरून निश्चल पडून राहते आणि आई दूर उभी राहते. कोल्हा, लांडगा यांच्यापासून ही युक्ती त्याला वाचविते, वणव्यापासून वाचवीत नाही. मोठे हरिण आगीपुढे धावून निसटू शकते. गवतातले पाडस जागीच जळते. तेव्हा शिकाऱ्याच्या आगीवरील बंदीचा सर्वाधिक लाभ कोणाला झाला असेल, तर तो या मुक्या जिवाला. दुसरी गोष्ट तिथींची. चातुर्मासींच्या तीन पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा आणि उपोसथाचे दिवस यांना मासे मारू वा विकू नयेत, आणि त्याच दिवशी नागवनांत व कोळ्यांच्या राखीव जलाशयांत इतर जीवही मारू नयेत, असे लेख सांगतो. नागवन म्हणजे हत्तींसाठी राखलेले अरण्य. तेथील हरिणांना व पाडसांना या दिवसांपुरते अभय मिळाले.

अशोकाच्या आज्ञांचा हा मर्यादित स्वभाव पहिल्या शिलालेखापासून दिसतो. पूर्वी राजाच्या पाकशाळेत रोज असंख्य प्राणी मारले जात; आता केवळ तीन, दोन मोर आणि एक मृग, आणि तो मृगही नेहमी नाही; पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे तेथे सांगितले आहे. मोर रोजचे आणि हरिण कधीकधीचे, हा तपशील राजलेखात यावा याचे नवल वाटते. स्वतःच्या ताटाचा हिशेब इतक्या प्रांजळपणे दगडावर कोरविणारे राजे इतिहासात फारसे नाहीत.

आठवा शिलालेख मृगयेविषयीच आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात आणि तीत मृगया व तशाच करमणुकी असत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर प्रियदर्शी राजा संबोधीस गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली, असा त्याचा आशय आहे. (‘विहार’ हा शब्द येथे मौजेच्या अर्थाने आला आहे. तोच शब्द पुढे भिक्खूंच्या निवासस्थानास रूढ झाला आणि आज आपण दुसरा अर्थ जाणतच नाही.) महाराष्ट्राच्या दृष्टीने या लेखाचे विशेष महत्त्व असे की पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली जो अशोककालीन लेखाचा तुकडा मिळाला, तो नेमका याच आठव्या शिलालेखाचा होता. नवव्याचा तुकडा १९५६ साली मिळाला. म्हणजे अपरान्ताच्या या बंदरात येणाऱ्या व्यापाऱ्याला राजाने शिकार सोडल्याची वार्ता कातळावर वाचता येत होती. १९५८ साली कंदाहार येथे मिळालेल्या ग्रीक आणि आरमाईक लेखात तर राजाचे शिकारी व कोळी यांनीही आपले काम थांबविल्याचे म्हटले आहे.

हे सर्व एकत्र ठेवले की चित्र स्पष्ट होते. राजाने आपली शिकार सोडली, आपल्या सेवकांची थांबविली, आपले ताट बदलले. प्रजेच्या ताटातील मृगमांसावर मात्र त्याने सरसकट हात टाकला नाही. जेथे निर्बंध घातले तेथे काळाचे, स्थळाचे किंवा वयाचे माप लावले. सहा महिने हे असेच एक माप आहे. सहा महिन्यांचे करडू दूध केव्हाच सोडून पाल्यावर आलेले असते. खाटकाच्या दृष्टीने ते विक्रीजोगेही झालेले असते. म्हणजे पिल्लू आईवाचून जगू शकते आणि धन्याला त्याचे मोल येऊ लागते, त्या वयापर्यंत हे अभय पोहोचते व तेथे संपते.

याच प्रकारचे माप कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आढळते. आज उपलब्ध असलेला हा ग्रंथ मौर्यकाळानंतर सिद्ध झाला असे बहुतेक अभ्यासक आता मानतात, पण राजव्यवहाराची जी दृष्टी त्यात आहे ती जुनी आहे. दुसऱ्या अधिकरणातील सूनाध्यक्षाच्या प्रकरणात, म्हणजे कत्तलखान्यांवरील अधिकाऱ्याच्या कर्तव्यांत, अभय घोषित केलेल्या आणि अभयवनात राहणाऱ्या मृग-पशु-पक्षी-मत्स्यांच्या वधास सर्वांत मोठा दंड सांगितला आहे. पुढे मृगपशूंच्या मांसविक्रीचे नियम देऊन कौटिल्य म्हणतो की यांच्यातील वत्स, वृष आणि धेनू अवध्य आहेत; मारणाऱ्यास पन्नास पण दंड. ‘यांच्यातील’ हे सर्वनाम मृग आणि पशू या दोहोंना लागू धरले, आणि तसे धरण्यास मागील वाक्य अनुकूल आहे, तर हरिणीचे पाडस स्तंभलेखात नसून अर्थशास्त्रात आहे, असा अनपेक्षित निष्कर्ष निघतो.

परंतु पाडस येथे कोणाच्या सोबत आले आहे ते पाहावे. वत्स, वीर्यवान नर आणि दुभती मादी हे तिघे मिळून कळपाची वाढ. कौटिल्याने मूळ भांडवल राखून व्याज खाण्याची व्यवस्था सांगितली आहे. त्यात करुणा शोधणे हा त्याच्यावरही अन्याय होईल. मृगया हे व्यसन होय की नाही, या चर्चेत त्याने द्यूतापेक्षा मृगया बरी असा पक्ष घेतला, तो मेद झडणे, चल व स्थिर लक्ष्यावर नेम बसणे, भ्यालेल्या व चवताळलेल्या प्राण्याचे चित्त ओळखता येणे, असे लाभ सांगून. राजाच्या विहारासाठी खंदकाने वेढलेले, एकच द्वार असलेले मृगवन करावे आणि त्यातील हिंस्र पशूंची नखे व दाढा मोडून टाकाव्यात, असेही तो सांगतो. अशा वनातील अभय किती खरे, हे वेगळे सांगावयास नको.

महाभारताच्या आदिपर्वातील पांडू आणि किंदम यांची कथा याच विचाराचे एक टोक दाखविते. मृगरूपात रत असलेल्या ऋषीला पांडूने बाण मारला. मरता मरता तो ऋषी पांडूला म्हणतो की तू मृगाला मारलेस याचा दोष मी देत नाही. माझे मैथुन पुरे होईपर्यंत तू थांबावयास हवे होतेस. शाप भयंकर आहे, पण मागणी थोड्या विलंबाचीच. गाभण मादी विण्यापर्यंत थांबा, पिल्लू सहा महिन्यांचे होईपर्यंत थांबा, रत असलेला मृग वेगळा होईपर्यंत थांबा. या मर्यादांमागे काही भावना नाही असे मी म्हणणार नाही. किंदमाच्या बोलण्यात ती आहेच. पण ‘नंतर काय’ हा प्रश्न त्या विचारत नाहीत.

तो प्रश्न विचारणारी कथा जातकांत आहे. निग्रोधमिग जातक, क्रमांक बारा. भरहूत येथील ‘इसिमिगो जातकं’ अशा अक्षरांचे शिल्प अभ्यासकांनी याच कथेशी जोडले आहे. सातव्या शतकात आलेला युआन श्वांग वाराणसीजवळच्या मृगदावाच्या नावाची उपपत्ती सांगताना हीच कथा सांगतो. ज्या उपवनात धम्मचक्कप्पवत्तन झाले, त्या भूमीला नाव मिळाले ते मृगांना दिलेल्या अभयावरून, अशी ही परंपरा आहे.

कथेचा आरंभ करुणेपासून होत नाही, लोकांच्या त्राग्यापासून होतो. वाराणसीच्या राजाला मृगमांसावाचून जेवण जात नसे आणि शिकारीसाठी तो रोज प्रजेला कामे सोडून राबवीत असे. कंटाळलेल्या लोकांनी राजोद्यानात गवत-पाण्याची सोय केली आणि रानातील हरिणांचे दोन कळप हाकून आत आणून द्वार लावून घेतले. एका कळपाचा नायक निग्रोध, दुसऱ्याचा साख. दोघेही सुवर्णवर्णी, म्हणून राजाने त्या दोघांस अभय दिले. रोज बाण सुटत आणि एका हरिणासाठी अनेक घायाळ होत. तेव्हा दोन्ही नायकांनी ठरविले की पाळीपाळीने एकेका हरिणाने स्वतः जाऊन ठोकळ्यावर मान ठेवावी. येथवर सर्व व्यवहार आहे. हानी कमीत कमी व्हावी, वाटा समान असावा. आजच्या भाषेत याला सुनियोजित शिकार म्हणता येईल.

एके दिवशी साखाच्या कळपातील एका गाभण हरिणीवर पाळी आली. ती साखाकडे जाऊन म्हणाली की मी विते, मग आम्ही दोघे, मी आणि माझे पिल्लू, आपापल्या पाळीला जाऊ. आजची माझी पाळी पुढे ढकला. तिचे बोलणे नीट ऐकले पाहिजे. दयेची याचना तिने केली नाही. एकाच्या जागी दोन मिळतील, असा हिशेब तिने मांडला, कारण त्या व्यवस्थेत दुसरी भाषा ऐकली जाणार नव्हती. कौटिल्याने तो हिशेब मान्य केला असता. साखाने तोही मानला नाही. तुझी पाळी दुसऱ्याच्या माथी कशी मारू, असे तो म्हणाला. साखाला दुष्ट म्हणून सोडून देण्याची आपल्याला सवय आहे, आणि परंपरेने त्याला देवदत्ताचा पूर्वजन्म ठरवून ती सोय करून दिली आहे. पण नियमाच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बिनतोड आहे. पाळी पुढे ढकलली तर त्या दिवशी दुसरे कोणी तरी मरणारच होते. नियम न्याय्य असला तरी एका जिवाला सोडायचे तर दुसरा द्यावा लागतो, ही अडचण साखाने बरोबर ओळखली होती.

हरिणी निग्रोधाकडे गेली. तू जा, तुझी पाळी मी पाहतो, असे सांगून तो स्वतः जाऊन ठोकळ्यावर मान ठेवून पडला. अभय मिळालेला नायक तेथे पाहून आचाऱ्याने राजाला बोलाविले. कारण ऐकल्यावर राजाने निग्रोधाला आणि त्या हरिणीलाही अभय दिले. सामान्य नीतिकथा येथे संपली असती. परंतु निग्रोध उठत नाही. आम्हा दोघांना अभय मिळाले, उरलेल्यांनी काय करावे, असे तो विचारतो. उद्यानातील सर्व मृगांना अभय मिळते. बाहेरच्या मृगांनी काय करावे? त्यांनाही मिळते. मग इतर चतुष्पाद, मग पक्षी, मग जलातील मत्स्य. एका न जन्मलेल्या पाडसापासून निघालेला प्रश्न असा पायरीपायरीने माशांपर्यंत जातो. ज्या हिशेबाने हरिणी बोलली होती तो मागेच राहतो. पाळी पुढे ढकलून भागत नाही, पाळीच बंद व्हावी लागते, हे निग्रोधाने कृतीने दाखविले. पशू, पक्षी, मत्स्य हाच पट अशोकाच्या पाचव्या लेखातही दिसतो. मात्र तेथे प्रत्येक ठिकाणी ‘इतके दिवस’, ‘इतके महिने’ आहे.

या कथेची वर्तमानवस्तूही गर्भाशीच निगडित आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीची कन्या पतीच्या अनुमतीने भिक्खुणी झाली. आपण गरोदर आहोत हे तिला ठाऊक नव्हते. गर्भ दिसू लागताच देवदत्ताने चौकशी न करता तिला संघातून काढले. ती जेतवनात आली. भगवंतांनी हा प्रश्न विनयधर उपालीकडे सोपविला. राजा पसेनदीच्या समक्ष विशाखेने पडद्याआड तपासणी केली, मास-दिवस मोजले आणि गर्भ प्रव्रज्येच्या आधीचा असल्याचे सांगितले. भिक्खुणी निर्दोष ठरली. तिचा पुत्र राजाघरी वाढला आणि पुढे कुमार कस्सप या नावाने प्रसिद्ध थेर झाला. गाभण हरिणी आणि ही भिक्खुणी एकाच कथेत आणण्यात योजना आहे. दोघींनाही नियम दाखविला गेला, आणि दोघींच्या बाबतीत नियमाचा हवाला देणाऱ्याने त्यांच्या स्थितीकडे पाहण्याचे नाकारले.

जातकाचा शेवट तर अधिकच विचारात घेण्याजोगा आहे, आणि नेमका तोच बालवाचनातील आवृत्तींतून गाळला जातो. अभय मिळालेली हरणे शेतांत शिरून पिके खाऊ लागली. लोकांना त्यांना मारता येईना, हाकलता येईना. ते राजाकडे गेले. राज्य गेले तरी चालेल पण निग्रोधाला दिलेला शब्द मोडणार नाही, असे राजाने उत्तर दिले. राजाला हे बोलणे परवडते. पीक शेतकऱ्याचे गेले होते. हे ओळखले ते निग्रोधाने. त्याने आपल्या कळपाला शेतात जाण्यास मना केले आणि शेतकऱ्यांस निरोप पाठविला की कुंपण घालू नका, शेताच्या कडेला पाने बांधून खूण करा. खुणेच्या आत कोणी येणार नाही. करुणेचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न आपल्या परंपरेने इतक्या आधी विचारला होता. विदर्भात रोही आणि रानडुकरे यांनी पीक उद्ध्वस्त केल्यावर नुकसानभरपाईचे अर्ज भरणाऱ्या शेतकऱ्याला ही पानांची खूण बांधून देणारे कोणी नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते.

भार उचलणारा दुसरा वर्ग शिकाऱ्यांचा. पाली ग्रंथांत चंडाल, वेन, रथकार, पुक्कुस यांच्याबरोबर नेसाद, म्हणजे व्याध, हे कुळ हीन गणले जात असल्याचे उल्लेख वारंवार येतात. प्राणी, मांस यांचा व्यापार उपासकाने करू नये, असेही अंगुत्तर निकायात सांगितले आहे. त्यामुळे प्राण्यांविषयीची दया आणि प्राणी मारून पोट भरणाऱ्या माणसाविषयीची घृणा यांची गल्लत होण्याचा धोका सतत असतो, आणि पुढील काळात या देशात ती झालीच. साम जातकाची रचना या दृष्टीने पाहावी. सामाचे आईवडील, दुकूल आणि पारिका, हे नेसादांच्या गावांत जन्मलेले. त्यांनी हत्या नाकारून वनवास पत्करला. त्यांचा पुत्र साम मृगांच्या सोबतीने अंध मातापित्यांसाठी पाणी भरावयास गेला असता त्याला बाण लागला, तो मृगमांसाच्या लोभाने हिंडणाऱ्या राजाचा. व्याधाच्या घरी अहिंसा आणि राजाच्या हाती धनुष्य, अशी ही मांडणी आहे. अजिंठ्याच्या दहाव्या क्रमांकाच्या प्राचीन लेण्यात आणि पुन्हा सतराव्या लेण्यात ही कथा चितारली गेली, म्हणजे काही शतकांच्या अंतराने महाराष्ट्रातील उपासकांना ती दोनदा सांगावीशी वाटली.

महाराष्ट्रातील शिकारी जमातींत फासेपारध्यांचे नाव प्रथम येते. काळविटे आणि पक्षी फाशात धरणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी आपल्या लेखनात नोंदविले आहे की फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर फासेपारधी ते सोडून देत, अशी त्यांची जुनी रूढी होती. स्तंभलेखाने ज्याचा उल्लेख केला नाही ते पाडस या माणसांनी सोडले होते, कोणत्याही राजाच्या दंडावाचून. ही रूढी कळप टिकावा म्हणून की जीव कळवळला म्हणून, असा वाद घालता येईल. माझ्या मते ज्याच्या घरी रात्री चूल पेटण्याची खात्री नाही त्याने हाती आलेले सावज सोडणे, हे पाकशाळेतील मोर कमी करण्यापेक्षा कठीण आहे, आणि हेतूची चिकित्सा करताना एवढे तरी विसरू नये. इंग्रजी अमलात ज्यांना गुन्हेगार जमाती ठरविले गेले त्यांत पारध्यांचा समावेश झाला. तो शिक्का कायद्याच्या पुस्तकातून १९५२ साली निघाला. लोकांच्या मनातून तो अजून निघालेला नाही.

अशोकाकडे परत येऊ. पाचव्या लेखानंतर एका वर्षाने, अभिषेकाला सत्तावीस वर्षे झाल्यावर, सातवा स्तंभलेख कोरला गेला. तो केवळ तोपराच्या स्तंभावर आहे. त्यात अशोक स्वतःच्या कार्याचा आढावा घेतो आणि सांगतो की धम्मवृद्धी दोन मार्गांनी झाली, धम्मनियमाने आणि निझतीने, म्हणजे समजावून सांगून मनाची खात्री पटविण्याने. अमुक अमुक प्राणी अवध्य आहेत, हे नियम. परंतु नियमाने थोडेच साधले; प्राण्यांची अहिंसा वाढली ती निझतीने. आपल्याच गतवर्षीच्या आज्ञेचे हे मूल्यमापन आहे. सहा महिन्यांची मर्यादा घालणाऱ्याला ती मर्यादा अपुरी असल्याचे ठाऊक होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी अहिंसेची चर्चा करताना तत्त्व आणि नियम यांत जो भेद केला आहे, तसेच मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत जी रेषा ओढली आहे, ती वाचताना अशोकाच्या या वाक्याची आठवण होते. ते वाक्य डोळ्यांपुढे असले की यादीत पाडस नाही याचे फारसे वैषम्य वाटत नाही. यादी कितीही वाढविली असती तरी ती नियमांचीच यादी राहिली असती.

आधुनिक भारतीय विधानातही ही दोन पावले उमटली आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात आरंभी परवाना घेऊन शिकार करता येत असे. त्यात एक कलम होते: विशेष परवान्यावाचून वन्य प्राण्याचे पिल्लू, मादी, किंवा ज्याची शिंगे अजून मऊ लवदार कातडीने आच्छादलेली आहेत असे हरिण मारू नये. उपद्रवी ठरविलेले प्राणी तेवढे त्यातून वगळले होते. वत्स, धेनू आणि वाढत्या वयाचा नर, असा कौटिल्याला ओळखू आला असता असा तो हिशेब होता. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारीची पद्धतच काढून टाकली गेली आणि तिच्याबरोबर पाडसाला वेगळे अभय देणारे हे कलमही गळाले. सर्वच हरणांना अभय मिळाल्यावर पाडसापुरत्या कलमाचे प्रयोजन उरले नाही. फाशातले पाडस सोडून मोठा काळवीट घरी नेणारा पारधी आणि बंदूक घेऊन मोटारीतून मौजेसाठी हिंडणारा शिकारी, हे दोघे तेव्हापासून त्या अधिनियमाखाली एकाच गुन्ह्याचे आरोपी ठरतात.